लेव्हलचे पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

वाचकांचे प्रश्न : किडनी प्रत्यारोपणानंतर

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं टॅक्रोलिमसच्या लेव्हलबद्दलचीच निघाली. टॅक्रोलिमस म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं औषध, आणि लेव्हल म्हणजे त्याचं रक्तातलं प्रमाण. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. परळच्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये २९ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १६ वर्षं औषधांच्या लेव्हल लावण्यात गेली. माझ्या धाकट्या भावाला २००७ मध्ये आईची किडनी बसवली. त्यामुळे ही टेस्ट मी लावलीही आहे आणि घरातून तिचे पैसेही मोजले आहेत.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या मिस्टरांचं ट्रान्सप्लांट होऊन तीन वर्षं झाली. सासूबाईंनी किडनी दिली. हे कांजूरला प्रिंटिंग प्रेसमध्ये आहेत, पगार २६ हजार. औषधांना महिन्याला साडेनऊ हजार लागतात, ते आम्ही घरभाड्यासारखे आधीच बाजूला काढतो. पण डॉक्टर दर तीन महिन्यांनी टॅक्रो लेव्हल सांगतात, तिचे २,७०० होतात. क्रिएटिनिन दर वेळी १.२ च्या आसपास असतं. मागच्या चार लेव्हल ६.१, ५.८, ६.४ आणि ६.० आल्या. हे म्हणतात, क्रिएटिनिन दीडदोनशे रुपयांत होतं, ते चांगलं म्हणजे किडनी चांगली, मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला? मुलगी यंदा दहावीला आहे, क्लासची फी भरायची आहे. लेव्हल बंद करून नुसतं क्रिएटिनिन केलं तर चालेल का? डॉक्टरांना विचारायची भीती वाटते. पैशासाठी हयगय करतात असं त्यांना वाटायला नको. – एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला सगळ्यात जास्त लागलं. डॉक्टरांना पैशाचं सांगा. स्पष्ट सांगा. जो पेशंट परवडत नाही म्हणून गुपचूप टेस्ट टाळतो, त्याच्याबद्दल डॉक्टर समजून चालतात की सगळं ठीक आहे. त्याहून वाईट म्हणजे काही जण लेव्हलचे पैसे भरतात आणि ते भरून काढायला महिनाअखेरीला कॅप्सूल एक दिवसाआड घेतात. आमच्याकडे अशा माणसांच्या नळ्या यायच्या. आकडा दोनच्या खाली दिसला की मी वॉर्डला फोन करायचे, आणि पुष्कळदा नंतर कळायचं ते हेच, की गोळ्या संपल्या होत्या आणि पगार व्हायचा होता. पैशाची अडचण सांगणं म्हणजे हयगय नाही, ती त्या पेशंटच्या केसची माहितीच आहे. रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर असतात, त्यांचं दार त्यासाठीच उघडं असतं. त्यांनाही भेटून या.

आता क्रिएटिनिन आणि लेव्हल. या दोन टेस्ट एकमेकींच्या जागी बसत नाहीत. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने रक्तातून गाळून टाकायचा कचरा. ते वाढतं तेव्हा किडनीला इजा होऊन गेलेली असते. लेव्हल त्याच्या आधीची गोष्ट सांगते, म्हणजे औषध रक्तात पुरेसं आहे की नाही. ते कमी पडलं तर शरीर परकी किडनी ओळखतं आणि तिच्यावर उठतं. जास्त झालं तर तेच औषध किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, हात थरथरतात, पोटॅशियम चढतं, साखर वाढते. कमी आणि जास्त यांच्यातली जागा फार अरुंद आहे. तुमच्या मिस्टरांच्या एका मिलिलिटर रक्तात ६ नॅनोग्रॅम औषध आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक अब्जावा भाग. शिवाय हे औषध प्रत्येकाच्या आतड्यात आणि यकृतात वेगळ्या वेगाने फोडलं जातं. एकाला दिवसाला २ मिलिग्रॅम पुरतं आणि शेजारच्या खाटेवरच्याला त्याच आकड्यासाठी ७ लागतात. त्यामुळे वजनाच्या हिशोबाने डोस ठरवून भागत नाही, रक्त तपासावंच लागतं.

ही टेस्ट महाग का, हेही तुम्हाला कळायला हवं. क्रिएटिनिनचे शेकडो नमुने रोज एकाच मशीनवर सरकत जातात. टॅक्रोची नळी जांभळ्या टोपणाची असते. औषध तांबड्या पेशींना चिकटलेलं असतं, म्हणून सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पाणी, चालत नाही, अख्खं रक्त लागतं. त्या पेशी आधी फोडायच्या, प्रथिनं खाली बसवायची, वरचं पाणी उचलून मशीनला द्यायचं. त्याच्याआधी ज्यांचा आकडा ठाऊक आहे असे कमी, मध्यम आणि जास्त लेव्हलचे तीन कंट्रोल लावायचे. ते बरोबर आले तरच पेशंटचा नमुना लावायचा. नमुने चार असोत की चाळीस, कंट्रोल तेवढेच लागतात. म्हणून पुष्कळ लॅब नमुने साठवून आठवड्यात ठरावीक दिवशीच लावतात. दर ठरतो त्यात याही खर्चाचा वाटा असतो.

तर मग तीन महिन्यांनी कराच असं सांगू का? नाही. तुमचा प्रश्न रास्त आहे. किडनीविकाराच्या मार्गदर्शक सूचना काढणारी 'केडिगो' ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. प्रत्यारोपणानंतरच्या काळजीबद्दल तिने २००९ मध्ये जे लिहिलं, त्यात लेव्हल निदान केव्हा करावी ते दिलं आहे. ऑपरेशननंतर लगेचच्या काळात आकडा जागेवर येईपर्यंत एक दिवसाआड करायची. पुढे औषधं किंवा पेशंटची तब्येत अशी बदलली की लेव्हल हलू शकते, तर करायची. आणि किडनीचं काम घसरताना दिसलं तर करायची. स्थिर पेशंटने दर तीन महिन्यांनी करावी असं वेळापत्रक त्यात नाही. ते वेळापत्रक डॉक्टर आपापल्या अनुभवाने बांधतात. क्रिएटिनिन मात्र पहिल्या वर्षानंतरही दर दोन ते तीन महिन्यांनी करायला सांगितलं आहे, आणि लघवीतलं प्रोटीन वर्षातून एकदा. या दोन्ही स्वस्त टेस्ट आहेत. त्यांना कात्री लावू नका.

तुमचे चार आकडे पुन्हा पाहा. ६.१, ५.८, ६.४, ६.०. दुसऱ्या कुणाचे समजा ३.२, ९.१, ४.०, ८.३ आले. दोघांची सरासरी सहाच्या जवळपासच येते. पण दुसऱ्या माणसाच्या किडनीला जास्त धोका आहे. असे हेलकावे खाणाऱ्यांत रिजेक्शन (शरीराने किडनी नाकारणं) आणि किडनी निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, हे बऱ्याच अभ्यासांत आलं आहे. त्याने तीन महिनेसुद्धा थांबू नये, आणि गोळी कधी चुकते, जेवणाआधी घेतो की नंतर, हे कुणीतरी त्याच्याजवळ बसून विचारावं. तुमच्या मिस्टरांचे आकडे एका रेषेत आहेत. याचा अर्थ ते गोळी वेळेवर घेतात, आणि त्यात तुमचाही हात असणार. तेव्हा ही चार रिपोर्टं हातात घेऊन डॉक्टरांना विचारा : "वर्षाला चारऐवजी दोन लेव्हल केल्या तर चालेल का? क्रिएटिनिन आम्ही चुकवणार नाही." त्यांनी हो म्हटलं तर वर्षाचे ५,४०० वाचतील. नाही म्हटलं तर कारण विचारा. ते कारण फक्त तुमच्या फाइलमध्ये असू शकतं, मला इथून दिसणार नाही.

पण माझी एक विनंती आहे. ते ५,४०० क्लासच्या फीत घालू नका. दोन लेव्हलचे पैसे डब्यात वेगळे ठेवा. वेळापत्रकाबाहेरची लेव्हल करायची वेळ येते तेव्हा हातात पैसे नसतात, आणि माणूस म्हणतो, पुढच्या महिन्यात करूच की. माझ्या घरात नेमकं हेच झालं.

२०११ साल. भावाचं ट्रान्सप्लांट होऊन चार वर्षं झाली होती, सगळं सुरळीत होतं. त्याच्या मानेत गाठ आली. घराजवळच्या डॉक्टरांनी सुईने तपासली, टीबी निघाला, औषधं सुरू झाली. त्यात रिफाम्पिसिन होतं. हे औषध यकृताला टॅक्रोलिमस इतक्या झपाट्याने फोडायला लावतं की दोन आठवड्यांत लेव्हल तळाला जाते. ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना आधी विचारलं असतं तर त्यांनी रिफाब्युटिनसारखं दुसरं औषध दिलं असतं, किंवा टॅक्रोलिमसचा डोस वाढवून आठवड्याला लेव्हल पाहिली असती. भाऊ मला म्हणाला, "आक्का, लेव्हल गेल्याच महिन्यात केलीय, आता तिमाही होऊ दे." तेव्हा आमच्याकडे ती २,२०० रुपयांना व्हायची. मी रोज दुसऱ्यांच्या नळ्या लावत होते आणि त्याला म्हणाले, बरं. पाच आठवड्यांनी पाय सुजले. क्रिएटिनिन १.३ चं २.६ झालं होतं. लेव्हल मीच लावली. १.७ आली. मशीनवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावली. पुन्हा १.७.

बायोप्सी, तीन दिवस स्टिरॉइडची सलाइनं, नऊ दिवस खाट. बिल १,६५,००० झालं. त्या पैशांत त्या वेळच्या दराने ७५ लेव्हल झाल्या असत्या, तिमाही धरली तरी जवळजवळ १९ वर्षं पुरल्या असत्या. क्रिएटिनिन १.९ च्या खाली पुन्हा कधीच आलं नाही. आईची किडनी २०१९ पर्यंत चालली. तेव्हापासून तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. टेस्ट परवडते की नाही हे ठरवताना नुसता तिचा दर पाहून चालत नाही, ती कोणत्या दिवशी केली हेही पाहावं लागतं. त्या पाच आठवड्यांतली एक लेव्हल आम्हाला हवी होती. त्याआधीच्या वर्षात केलेल्या चारही ठाकठीक आल्या होत्या.

म्हणून डब्यातले पैसे कधी काढायचे ते सांगते. टीबीची किंवा फिट्सची औषधं सुरू झाली तर. पावसाळ्यात जांघेत, काखेत गजकर्ण होतं आणि केमिस्ट सरळ इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल देतो. त्याने लेव्हल दुपटीच्याही वर जाऊ शकते, फ्लुकोनाझोलनेही चढते, क्लॅरिथ्रोमायसिननेही. या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्याच नाहीत. घ्याव्याच लागल्या तर लेव्हल करायची, आणि गोळी बंद झाल्यावर पुन्हा करायची, कारण तेव्हा आकडा उलट दिशेला जातो. जुलाब लागले तर लोकांना वाटतं औषध वाहून गेलं. खरं तर दोन-तीन दिवस जोरात जुलाब झाले की टॅक्रोलिमसची लेव्हल बहुधा वाढते, कारण त्याला अडवणारं आतड्याचं अस्तरच दुखावलेलं असतं. स्वतःच्या मनाने जादा गोळी घेऊ नका. आणि पपनस. गणपतीत प्रसादाच्या ताटात येतं, पण त्यानेही ही लेव्हल चढते. तुमच्या घरी मिस्टरांसाठी ते वर्ज्य समजा.

आणखी एक. कित्येक डॉक्टर टॅक्रोलिमसबरोबर डिल्टियाझेम ही बीपीची गोळी मुद्दाम देतात. त्याने टॅक्रोलिमस हळू फुटतं, कमी कॅप्सूलमध्ये काम भागतं आणि पेशंटचे पैसे वाचतात. मिस्टरांच्या यादीत ती गोळी असेल आणि एखाद्या दुसऱ्या डॉक्टरांनी "बीपी आता ठीक आहे" म्हणून ती काढली, तर लेव्हल खाली येईल. गोळी बीपीची वाटते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आज घरी गेल्यावर यादी तपासा.

प्रश्न : माझं प्रत्यारोपण २०१५ चं. लेव्हल नेहमी ५ ते ७ असते. या वेळी घरी येऊन रक्त नेलं आणि १३.८ आली. डॉक्टरांनी डोस न बदलता पुन्हा करायला सांगितली, ती ५.९ आली. दोनदा पैसे गेले. लॅबची चूक म्हणायची का? आणि रिपोर्टवर तर ५ ते २० नॉर्मल छापलंय, मग १३.८ ला डॉक्टर का दचकले? – ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : काका, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी सकाळची गोळी रक्त देण्याआधी घेतली होती का? गोळी पोटात गेल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात सगळ्यात वर असतं. आपल्याला हवा असतो तो पुढच्या गोळीच्या अगदी आधीचा, म्हणजे सगळ्यात खालचा आकडा. रात्री ९ ला गोळी घेतलीत तर सकाळी ९ ला रक्त द्यायचं, गोळी खिशातल्या डबीत ठेवायची आणि सुई निघाली की घ्यायची. दिवसातून एकदाच घ्यायची कॅप्सूल असेल तर २४ तासांनी.

मुंबईत यात दोन ठिकाणी घोळ होतो. ओपीडीला येणारी माणसं पहाटेची लोकल पकडून येतात, रक्ताच्या रांगेत दहा वाजतात, आणि आठची गोळी चुकू नये म्हणून ती बिचारी रांगेत उभ्याउभ्याच घेतात. दुसरं म्हणजे घरी येणारा मुलगा साडेसहाला बेल वाजवतो. रात्री दहाला गोळी घेतली असेल तर साडेआठच तास झालेले असतात, आकडा फुगून येतो. त्याला सांगा, माझ्याकडे दहाला या. ऐकत नसेल तर दुसरी लॅब बघा. आमच्या फॉर्मवर "शेवटचा डोस कधी घेतला" अशी एक ओळ होती. ती दहापैकी सात वेळा कोरी यायची. मी नळी बाजूला ठेवून वॉर्डला फोन करायचे आणि मगच लावायचे, त्यावरून मी बोलणीही खाल्ली. पण वेळ माहीत नसलेला आकडा डॉक्टरांच्या काय कामाचा? उलट त्यावर विसंबून कुणी डोस कमी केला तर पैसे जातात ते जातात, किडनीही धोक्यात येते. तुमच्या डॉक्टरांनी डोसला हात न लावता पुन्हा तपासलं, ते बरोबर केलं. दुसऱ्या वेळचे पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. पहिल्या वेळचे गेले.

५ ते २० ही छापील ओळ मनावर घेऊ नका. तिच्यात कालच ट्रान्सप्लांट झालेला आणि दहा वर्षं झालेला, सगळे एकत्र धरलेले असतात. २००७ मध्ये 'सिम्फनी' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १,६४५ पेशंट होते. टॅक्रोलिमसची लेव्हल ३ ते ७ मध्ये ठेवायची असं ज्या गटात ठरवलं होतं, त्या गटाची किडनी सगळ्यात चांगली राहिली आणि रिजेक्शनही सगळ्यात कमी झालं. अर्थात त्यांना सोबत मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही रिजेक्शन रोखणारी आणखी औषधंही होती. तुमची हद्द तुमच्या डॉक्टरांनी ठरवलेली. ती फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

लॅब शक्यतो बदलू नका. काही लॅब इम्युनोअ‍ॅसेने करतात, काही मास स्पेक्ट्रोमेट्रीने. पहिली पद्धत औषधाला चिकटणाऱ्या प्रतिपिंडांवर चालते, दुसरी रेणूच्या वजनावरून औषध ओळखते. इम्युनोअ‍ॅसेला औषधाचे फुटलेले तुकडेही थोडे औषधच वाटतात, त्यामुळे त्याच रक्ताचा आकडा तिथे जरा जास्त येतो. कुठे ३०० रुपये स्वस्त मिळतं म्हणून दर वेळी नवी लॅब धरली, तर आकडा औषधामुळे हलला की मशीनमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रश्न : ट्रान्सप्लांट होऊन १४ महिने झाले. लॅबने एक पॅकेज सुचवलंय : टॅक्रो लेव्हल, मायकोफेनोलेट लेव्हल आणि जीन टेस्ट. घ्यावं का? शिवाय केमिस्ट दुसऱ्या कंपनीचं टॅक्रोलिमस देतोय, महिन्याला १,१०० रुपये वाचतात. – वाचक, दहिसर

उत्तर : जीन टेस्टचे पैसे ठेवा. ती 'सीवायपी३ए५' नावाचा जीन पाहते. कुणाला जास्त डोस लागेल हे तिच्यावरून आधीच कळतं, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात आकडा लवकर जागेवर येतो. तुम्हाला किती लागतं हे १४ महिन्यांच्या लेव्हलनी केव्हाच सांगितलंय. मायकोफेनोलेटचा सकाळचा एकच आकडा फारसं सांगत नाही. नीट करायचं तर काही तासांत अनेकदा रक्त घ्यावं लागतं. डॉक्टरांनी काही कारणाने मागितली असेल तर करा, पॅकेजात आहे म्हणून नको.

स्वस्त कंपनीला माझा विरोध नाही. महिन्याला १,१०० म्हणजे वर्षाला १३,२०० होतात, ती रक्कम लहान नाही. पण हा बदल केमिस्टच्या काउंटरवर करायचा नसतो. डॉक्टरांना सांगून एक तारीख ठरवा, जुन्या कॅप्सूल संपवून नव्या सुरू करा, आठवड्याभराने लेव्हल आणि क्रिएटिनिन करा, डॉक्टर म्हणतील तर आणखी एकदा. मग तीच कंपनी धरून राहा. दुकानात दर महिन्याला पट्टीवरचं नाव वाचा, मिलिग्रॅम वाचा, आणि नाव वेगळं दिसलं तर पैसे देण्याआधी परत करा.